वेणू आणि देवळातलं कासव

गप्प पडा बघू दोघं. सुमेध, पाय आत घे. मिहू, तुला भिंतीकडे तोंड करून झोपायचंय तर झोप, मला चालतं. हुंकारही नको देऊस. हे माझं बोट धर, आणि ऐकतेयस हे सांगायचं असलं की दाब. झालं.

एक होता राजा. भारी हौशी, बरं का. पिंजऱ्यातला पोपट शिंकला तरी ह्याचे ढोल सुरू. त्याची एक मुलगी होती, वेणू. वेणू फार बोलायची नाही. कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही. चिंचोके ओळीत मांडत बसायची, आणि कुणी ओळ मोडली की दिवसभर रडायची. मोठा आवाज तिच्या कानात सुईसारखा जायचा.

तिची शाळा भरायची देवळाच्या सभामंडपात. देवासमोर जमिनीत दगडी कासव असतं ना, तसं तिथंही होतं. हात लावून लावून गुळगुळीत झालेलं. वेणू त्याच्याशेजारी बसायची आणि त्याच्या गार पाठीवर तळहात ठेवायची. मग तिचं मन शांत व्हायचं, गुरुजींचं ऐकू यायचं. कासवाच्या पलीकडे गोदा नावाची मुलगी बसायची. दोघी कधी बोलल्या नाहीत. पण गोदा रोज तिथंच बसायची.

मग काय झालं, नदीला पूर आला. देवळात पाणी शिरलं, शाळा बंद पडली. वेणू राजवाड्यात एकटी. खिडकीच्या दगडी कठड्यावर तळहात ठेवायची आणि देवळाकडे बघत राहायची. दासी म्हणायच्या, "किती शहाणी बाई, हिला कुणीच लागत नाही." लागत होतं गं. फार लागत होतं. पण ते सांगायचं कसं, तेच तिला येत नव्हतं.

पूर ओसरला. राजा म्हणाला, "माझी लेक शाळेत परत जाणार, मग थाट नको?" मग त्यानं देऊळ रंगवलं. मंडपात चकचकीत फरशी घातली. ते झिजलेलं कासव उपटून देवळामागे टाकून दिलं. वेणूला ह्यातलं काही सांगितलं नाही. का, तर म्हणे लेकीला गंमत!

पहिल्या दिवशी दाराशी ढोल-ताशे. वेणू कान दाबून पायरीवरच बसली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी ढोल नव्हते, पण अंगात जरीचा टोचणारा परकर, आणि भोवती सगळी मुलं, "वेणू ये ना, वेणू बघ ना." ती आत गेली, जमिनीकडे बघितलं, आणि किंचाळतच बाहेर पळाली. तिसऱ्या दिवशी राजानं तिला उचलूनच नेलं. तिनं अंग ताठ केलं. घरी आली ती पलंगाखाली जाऊन बसली. जेवेना. चिंचोकेही मांडेना. लोक म्हणाले, हट्टी आहे, लाडावलीय. राजा दमून म्हणाला, "राहू दे ती शाळा. आता ही कायमची घरीच राहील."

मग राणी काय करते, काही न बोलता पलंगाखाली शिरली आणि लेकीशेजारी पडून राहिली. बघते तर वेणूचा तळहात फरशीवर गोल गोल फिरतोय, काहीतरी शोधतोय. राणीच्या लक्षात आलं. "अगं बाई, कासव," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात आवाज आला, टक्, टक्. बघतात तर कासव. पाठीवर शेवाळ, अंगाला गवत. देवळामागून चालत आलं होतं. सुमेध, गोष्टीतलं कासव चालतं. तुझं काय जातं?

कासव राजाला म्हणालं, "मला उपटलंस ते उपटलंस, निदान पोरीला सांगायचं होतंस." राजा मान खाली घालून उभा राहिला. मग कासव पलंगाखाली वाकून म्हणालं, "वेणू, मलाही तिथं करमत नव्हतं. आज आपण फक्त चिंचेच्या झाडापर्यंत जायचं. झाडाला हात लावायचा आणि परत यायचं."

मग निघाली की वरात, कासवाच्या चालीनं. मागून राजा अनवाणी, जोड्यांचा आवाज नको म्हणून. झाडाला हात लावून परत आली. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीपर्यंत. तिसऱ्या दिवशी आत, पण शाळा सुटल्यावर, मंडप रिकामा असताना. राजानं स्वतः फरशी खणून जागा केली होती, कासव त्यात जाऊन बसलं. आणि रोज निघायच्या आधी राजा सांगायचा, "आज इथवर. असं असं दिसेल. मग घरी." आणि सांगितल्याबाहेर एक पाऊल नाही.

मग शाळेचा दिवस उजाडला. ढोल नाहीत, गलका नाही. वेणूनं कासवावर तळहात ठेवला. गार. पलीकडे गोदा होतीच. कासव नव्हतं तेव्हाही ती तिथंच बसायची, वेणूची जागा कुणाला घेऊ द्यायची नाही. आता गोदानं हळूच आपला हात पुढे केला. वेणूनं तिच्याकडे बघितलं नाही. पण आपला हात थोडा सरकवला आणि तिच्या हाताला जागा दिली.

मग वेणू शिकली, राजा ढोलाशिवाय आनंद करायला शिकला, आणि सगळी सुखानं राहिली.

सुमेध झोपला बघ. मिहू, ऐक. तुझी शाळा सोमवारी उघडतेय. उद्या आपण दोघी फक्त फाटकापर्यंत जायचं. फाटकाला कुलूप असेल, आत कुणी नसेल. फाटकाला हात लावायचा आणि घरी यायचं. मी आहे बरोबर.

दाबलंस होय? बरं. कळलं मला. झोप आता.