येसेचा थर

"हे तिमजली घर आमच्या खापरपणजोबानं बांधलं," असं केरबा गवंडी पाहुण्यांना छाती काढून सांगतो आणि लगेच म्हणतो, "म्हणजे, भिंतीला पाणी मारायला होता तो." त्या दिवशी पाहुण्यांची ही पाचवी टोळी. गुडघे कुरकुरत होते. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकाला पाठ टेकून त्यानं कासारआळीतल्या त्या लाल विटांच्या भिंतीकडे काठी केली. सगळी भिंत सरळ; फक्त गळ्याइतक्या उंचीवर एक थर वीतभर पुढं आलेला, वरून काळा, गुळगुळीत.

घर विसाशेठ कासारानं बांधायला काढलं, असं सांगतात. विटा नदीकाठच्या भट्टीवरून बायांच्या डोक्यावर यायच्या. पाटी वाटेत उतरवायची नाही, असा शेठचा हुकूम. उतरवली की उचलून द्यायला दुसरी बाई लागते, दोघींचा खोळंबा. त्यात येसा नावाची एक होती. कामाच्या चौथ्या महिन्यात तिची मान वळेनाशी झाली. पाटी टेकायला भिंतीत एक थर पुढं काढा, एवढंच तिनं मागितलं. शेठ म्हणाला, "ओठ काढून रुसल्यासारखं दिसेल माझं घर."

येसा भरली पाटी घेऊन दारात उभी राहिली. टेकीन तर याच भिंतीवर, असा तिचा पण. मागून येणारी प्रत्येक बाई तिच्यामागं थांबली. रांग नदीपर्यंत गेली म्हणे. मळलेला चुना वाळू लागला. शेवटी थोरल्या गवंड्यानं मागच्या बाईच्या पाटीतल्या विटा घेतल्या, पुढं काढून बसवल्या आणि वर भराभर भिंत चढवली. शेठ धावत आला.

"तोडा," गवंडी म्हणाला. "वरचं सगळं घेऊन खाली येईल."

चुना धरायला तीन दिवस लागले. येसा तशीच उभी होती, असं सांगतात. हे सांगताना केरबाचीच मान दुखू लागते.

आजही मंडईला जाणाऱ्या बाया त्या थरावर पाटी टेकतात, दम खातात आणि कुणाच्या हाताशिवाय पुन्हा डोक्यावर घेतात. भिंतीला हात लावू नये, असं फलकावर आहे. रखवालदाराला नेमकं तेवढंच वाचता येत नाही.

गोष्ट संपली तेव्हा तुळसा माळीण वांग्यांची पाटी टेकून तिथंच उभी होती. केरबाला पाहुण्यांसमोर खोडी सुचली.

"तुळसाबाई, हा थर येसेसाठी काढलाय. तुमच्यासाठी नाही."

तुळसानं पदरानं मान पुसली. "बरं, केरबातात्या. मग तिला हाक मारा. म्हणावं, ही पाटी मंडईपर्यंत ने."