धरणाची चिप

धरणाचे दरवाजे चालवणारी चिप कोणाची घ्यायची, ते त्या दुपारी ठरणार होतं. दरवाजे भलत्या वेळी उघडले तर खालची गावं वाहून जातील, या धास्तीने बैठकीत चहाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

बड्या कंपनीच्या रणदिव्यांच्या चिपचा आराखडा गुप्त होता. त्यांच्या स्पर्धेत उतरलेल्या मृणाल केळुसकरच्या चिपचा मात्र कोणीही पाहावा, तपासावा, असा सगळ्यांसाठी खुला.

रणदिव्यांनी मृणालचा तोच आराखडा टेबलावर आपटला. “आमच्या माणसांनी यात चूक शोधलीय! असल्या उघड्यावरच्या मालावर गावं सोडणार?”

मृणालने पान पाहिलं. चूक खरी होती. धरणाच्या मुख्य अभियंत्यांनी रणदिव्यांच्या कागदावर सही करायला पेन उघडलं.

“आभारी आहे, साहेब,” मृणाल म्हणाली. “चिप अजून बनायचीय, चूक आजच काढते. आता तुमचा आराखडा द्या, त्यातली मी शोधून देते.”

रणदिव्यांनी बॅग छातीशी धरली. “तो कोणालाच दाखवत नाही आम्ही!”

“मग त्यातली चूक आम्हाला कोण दाखवणार? पाणी?”

मुख्य अभियंत्यांनी मृणालच्या कागदावर सही केली. मग सगळ्यांनी तो गार झालेला चहा प्यायला.