राजाचा दुसरा हात

"हा मी?" भिंतीवरच्या आपल्या चित्राकडे बोट दाखवत फॅरो गरजला. "तोंड डावीकडे, छाती समोर, पाय पुन्हा डावीकडे! माणूस आहे की पिळलेला पंचा?"

त्या काळी इजिप्तमध्ये राजा गादीवर बसला की त्याच्या थडग्याचं काम सुरू होई. सरकारी काम, लवकर सुरू केलेलं बरं! म्हणून फॅरो ठणठणीत असतानाच डोंगरात कोरलेल्या आपल्या थडग्याच्या भिंती तपासायला आला होता. बरोबर वजीर, लाडकं मांजर आणि दुपारचं जेवण.

म्हातारा चित्रकार पाशेदू हात जोडून म्हणाला, "महाराज, आमचे आजे-पणजे असंच काढत आले."

"मग असा उभा राहणारा एक जिवंत माणूस दाखव! माझं जेवण उरकायच्या आत. नाहीतर उद्यापासून दगडाच्या खाणीत!"

वजिराने मान डोलावली. मान डोलावणं हेच त्याचं खातं होतं.

पाशेदूची मुलगी हेनुत कोपऱ्यात गेरू घोटत होती. खाणीत गेलेले म्हातारे परत येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. हात पुसत ती उठली.

"महाराज, दिसतं तस्संच काढून दाखवू का?"

"काढ की! कोणी तरी काढा!"

फॅरो जेवायला बसला. हेनुत त्याच्या बाजूला बसली आणि एका खापरावर कोळशाने झराझरा रेघा ओढल्या. फॅरोने खापर पाहिलं. एक कान, एक हात आणि भरपूर पोट.

"माझा दुसरा हात कुठे गेला?"

"पोटापलीकडे आहे, महाराज. इथून दिसत नाही."

वजिराची मान अर्ध्यावर थांबली.

"बरं, मग त्याने काय बिघडलं?"

"काही नाही. थडग्यात जे काढलेलं असतं तेच परलोकात कायमचं मिळतं, असं पुजारीबुवा सांगतात. बदक काढलं तर बदक. एकच हात काढला तर..."

"राजाला एक हात पुरतो!" फॅरो हट्टाने म्हणाला.

"पुरणारच! मग आजच थोडा सराव होऊन जाऊ दे."

फॅरोने डावा हात पाठीमागे कमरपट्ट्यात खोचला आणि उजव्या हाताने भाजलेल्या बदकाची तंगडी उचलली. तेवढ्यात नाकावर माशी बसली. तंगडी खाली ठेवून त्याने माशी हाकलली. तंगडी उचलली, माशी परत आली. माशीला राजा कोण, वजीर कोण, काही कळत नसावं.

"वारा घाला रे!" फॅरो ओरडला.

"परलोकात वारा घालणारेही एकाच हाताचे असतील, महाराज," हेनुत म्हणाली. "शिवाय तेही पोटापलीकडेच उभे!"

माशीच्या या धामधुमीत मांजराने मात्र वेळ साधली. उरलेलं सगळं बदक तोंडात धरून ते दाराकडे निघालं! अडवणार कोण? मांजराला धक्का लावणं म्हणजे पाप. वजिराने तर त्याला आदराने वाट करून दिली.

"अरे, माझं बदक!"

फॅरो ताडकन उठला. पाय दाराकडे वळले, तोंड मांजरामागे गेलं, छाती मात्र अजून ताटासमोरच. कमरपट्ट्यातला हात सटकन सुटून बाहेर आला आणि दोन्ही हात बदकाकडे लांब झाले.

"महाराज, हलू नका!" हेनुत ओरडली. "माणूस सापडला!"

सगळ्यांनी एकदा राजाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. तेच तोंड, तीच छाती, तेच पाय! पाशेदूने हळूच श्वास सोडला.

फॅरोने तसंच अवघडून उभं राहून भिंतीकडे नजर टाकली. पण हार मानील तर तो राजा कसला!

"आणि डोळा? तोंड एका बाजूला असताना तुझ्या बापाने डोळा एवढा पुरा काढलाय. असा कुणाचा असतो?"

"बदक गेलेल्या माणसाचा, महाराज!"

फॅरो खो खो हसत सुटला. इतका, की त्याचा केसांचा टोप घरंगळून ताटात पडला. हसावं की नाही याचा हुकूम नसल्याने वजिराने मान डोलावली.

पाशेदूची खाण टळली. हेनुतला सोन्याचं कडं आणि शेजारची कोरी भिंत रंगवायला मिळाली. त्या भिंतीवर तिने महाराजांना दोन हात काढले आणि त्यांच्याच सांगण्यावरून खुर्चीखाली ते मांजरही काढलं, दोरीने नीट बांधलेलं!