बोट ठेवण्याची पायरी

चपला वरच काढा आणि सांभाळून या. हे वेळंब्याचं तळं. पाण्याला टेकलेली ती शेवटची पायरी आहे ना, पोथी वाचणारा तिथे बसतो, आणि ऐकणारे त्याच्या वरच्या पायऱ्यांवर. सगळीकडे असतं त्याच्या अगदी उलट. असं का, ते सांगायला मला लाज वाटते, कारण गोष्ट आमच्याच घराण्याची आहे.

असं सांगतात की हे तळं खालच्या वस्तीने खोदलं. दोन उन्हाळे खपून माणसांनी खडक फोडला. पाणी लागलं, पूजा झाली आणि आमचे पूर्वज विसाभट यांनी पोथी उघडून सांगितलं, "खोदणाऱ्यांनी या पाण्याला शिवू नये, असं शास्त्र आहे."

त्याच आठवड्यात वस्तीतली राही तापाने फणफणलेली मुलगी खांद्यावर घेऊन इथे आली. वस्तीचा झरा आटलेला होता. तिने घागरभर पाणी मागितलं. विसाभटांनी पुन्हा पोथी काढली. राही म्हणाली, "म्हाराज, कुठं लिवलंय त्ये? बोट ठेवा."

विसाभटांनी एका ओळीवर बोट ठेवलं. राहीला अक्षर येत नव्हतं. तिने त्या बोटाला हात जोडले आणि ती परत फिरली. दिवस मावळायच्या आत मुलगी गेली.

विसाभटांच्या मागे त्यांची विधवा बहीण सगुणा पूजेचं तबक घेऊन उभी होती. भाऊ मुलांना शिकवायचा ते दाराआडून बघून बघून ती चोरून वाचायला शिकली होती म्हणे. बोटाखालची ओळ तिने वाचली. देवीला कुठली फुलं वाहावीत, एवढंच तिथे होतं. बाईमाणसाने वाचलं हे कळलं तर भाऊ घराबाहेर काढील, या भीतीने ती गप्प राहिली.

तेरा दिवस तिला अन्न गेलं नाही. चौदाव्या दिवशी ती पोथी घेऊन भरल्या गावातून वस्तीत गेली, राहीपुढे बसली आणि त्या ओळीवर बोट ठेवून खरं काय ते तिने वाचून दाखवलं.

राहीने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तवा का न्हाई बोललीस?"

सगुणा राहीच्या पायरीखाली सरकून बसली. विसाभटांचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. ते म्हातारे होऊन, मानपान घेऊन मेले. वाचणाऱ्याने खाली बसायची ही प्रथा पाडली ती सगुणाने.

आजही चैत्रात पोथी लागते तेव्हा राहीच्या घरची बाई सर्वांत वर बसते. ती "बोट ठेवा" म्हणाली की वाचणाऱ्याने थांबून ओळीवर बोट ठेवायचं. तिची नात पदवीधर आहे, हल्ली ती खाली येऊन स्वतः वाचून बघते. पोथी वाचणारा मीच, म्हणून समाप्तीला ती म्हातारी मला विचारते, "तवा का न्हाई बोललास?" चाळीस वर्षं मी मान खाली घालून बसत आलोय. मग ती तळ्यातलं ओंजळभर पाणी माझ्या हातावर घालते. ते तिच्या डोळ्यांदेखत प्यावंच लागतं.