शाळेचं दार

“एका मेलेल्या माणसापायी चाळीस जिवंत पोरींची शाळा बुडवायची, हे कुठल्या किताबात लिहिलंय, उस्ताद?”

गनी मौलानांनी मान वर केली नाही. ते कात्रीला धार लावत होते.

मौलाना जातीनं शिकलगार. बाप गावोगाव चाक घेऊन फिरायचा, सुऱ्या-कात्र्यांना धार लावून द्यायचा. पोरगा शिकून आलिम झाला, अरबीचे जाडजूड ग्रंथ पालथे घालून आला, पण बापाचं चाक त्यानं काही सोडलं नाही.

मुदस्सर शाळेच्या उंबऱ्याशी उभा होता. पांढराशुभ्र कुर्ता, कडक इस्त्री. सात वर्षं मोठ्या मदरशात काढून तो दोन महिन्यांपूर्वी हिंगणमाळला परतला आणि थेट जामा मशिदीचा इमाम झाला. थेट म्हणजे, त्याचे मामू हाजी दस्तगीर इनामदार मशीद कमिटीचे अध्यक्ष होते, इतकं थेट. अलिफ-बे मात्र तो गनी मौलानांच्या हाताखालीच शिकला होता.

आज तो शिष्य म्हणून आला नव्हता. कमिटीचा निरोप घेऊन आला होता.

झालं होतं असं. ओढ्यापलीकडच्या दरवेशी वस्तीतला म्हातारा बाबालाल पहाटे वारला. दरवेशी म्हणजे एके काळी अस्वलं खेळवणारी माणसं. अस्वलं सरकारनं नेली, माणसं राहिली. तीस वर्षं ती ओढ्याकाठी राहिली, दर ईदला मशिदीत आली, चपलांशेजारी उभी राहून नमाज पढून गेली. पण जमातीच्या यादीत त्यांचं नाव कुणी घातलं नाही. यादीत नाव नाही म्हणून मशिदीचा जनाजा, म्हणजे मयत न्यायची ती लाकडी खाट, त्यांना मिळत नसे. कबरीत मयतीवर टाकायच्या फळ्या मिळत नसत. कब्रस्तानात जागा तर नाहीच.

बाबालालची लेक जैतून सकाळी मशिदीच्या पायरीशी येऊन उभी राहिली होती. खाटेच्या खोलीची किल्ली मुदस्सरच्या खिशात होती. तो तिला म्हणाला, “कमिटीला विचारून सांगतो.”

कमिटीनं सांगितलं. त्याला ओढ्याकाठी पुरा. आणि गनी मौलाना मध्ये पडले, तर आज संध्याकाळच्या आत त्यांच्या पोरींच्या शाळेला कुलूप. जागा मशिदीच्या ट्रस्टची आहे.

“बोला की, उस्ताद.”

“कात्री बोथट झाली होती,” मौलाना म्हणाले.

मुदस्सरला राग आला. पण तो रागही खोटा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी या पत्र्याच्या खोलीत चार पोरी होत्या. त्या चौघींसाठी मौलानांनी दारोदार शिव्या खाल्ल्या होत्या. बारा वर्षांची झाली की विड्या वळायला बसवायची नाहीतर उजवून टाकायची, असा गावाचा रिवाज. आता त्या चौघींतली एक तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. मुदस्सरची सख्खी बहीण तरन्नुम इथंच दहावीचा अभ्यास करत होती. शाळा गेली तर तिचंही लग्न ठरणार होतं, आणि ठरवणारे मामूच होते.

“दोन नुकसानांतलं लहान नुकसान पत्करावं, हा उसूल आहे,” मुदस्सर म्हणाला. “तुम्हीच शिकवलात.”

“उसूल खरा आहे.”

“बाबालाल ओढ्याकाठी झोपला काय, कब्रस्तानात झोपला काय, माती तीच.”

“तेही खरं.”

“मग?”

मौलानांनी कात्रीची धार अंगठ्यावर बघितली.

“मग आज माझा तास तू घे.”

“मी?”

“मला वेळ नाही. आणि तू तर मोठ्या मदरशात शिकून आलास. पोरींनाही कळू दे, आपल्या गावचा इमाम काय चीज आहे ते.”

मुदस्सरला वाटलं, म्हातारा नमला. शिकवायची हौस त्याला होतीच. त्यानं कुर्ता सारखा केला आणि आत गेला. चाळीस पोरी उठून उभ्या राहिल्या. तरन्नुम दुसऱ्या रांगेत तोंडावर ओढणी धरून हसत होती.

“धडा कुठला, उस्ताद?”

“मयतीचे हक्क,” मौलाना मागून म्हणाले आणि शिवणवर्गाच्या कपाटातनं पांढऱ्या कापडाचा तागा काढून खाली बसले.

मुदस्सर क्षणभर थबकला. पण मागं फिरणार कसा? चाळीस पोरी बघत होत्या.

त्यानं शिकवलं. छान शिकवलं, खोटं कशाला बोला.

“फर्ज दोन तऱ्हेचे,” तो म्हणाला. “एक ज्याचा त्यानं करायचा. माझी नमाज तुम्ही पढून चालत नाही. दुसरा फर्ज-ए-किफाया. हा सगळ्या वस्तीवर मिळून असतो. चार जणांनी केला तर सगळे सुटले. कुणीच केला नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. मयतीची आंघोळ, कफन, नमाज, दफन, हे सगळं यात येतं.”

तरन्नुमनं हात वर केला.

“इमामसाहेब, सगळी वस्ती म्हणजे कोण कोण?”

“ज्याला ज्याला कळलं, तो तो.”

“पाच वक्त नमाज पढणारेपण?”

“तेपण.”

“आणि हज करून आलेले?”

वर्ग खुसखुसला. गावात हज करून आलेला अध्यक्ष एकच होता.

“...हज करून आलेलेपण,” मुदस्सर म्हणाला.

तरन्नुम आता हसत नव्हती.

“मग बाबालालचाचांचं आज कोण करतंय, भाईजान?”

मुदस्सरनं मौलानांकडं बघितलं.

मागं बसून मौलाना कापड कापत होते. नव्यानं धार लावलेली कात्री सरसर चालली होती, आणि ते कापड कशासाठी आहे हे मुदस्सरला आता कळलं.

“उस्ताद...” त्याचा आवाज खाली आला. “मला हे माहीत होतं.”

“ठाऊक आहे. तुझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं.”

“पण ही शाळा...”

“शाळा माझी नाही. तुझ्या मामूंचीही नाही. जिची आहे तिला विचार.”

मुदस्सरनं पोरींकडं बघितलं. विचारायचं धाडस त्याला झालं नाही. पण पोरींनी ऐकलं होतं. तरन्नुम उठली. तिनं दप्तर उचललं, पायाखालची चटई गुंडाळली आणि बाहेर चिंचेखाली नेऊन अंथरली. मग तिच्या शेजारची उठली. मग तिच्या मागची. थोड्या वेळानं खोली रिकामी होती आणि चिंचेखाली शाळा भरली होती.

मुदस्सरनं खिशातनं खाटेच्या खोलीची किल्ली काढून मौलानांपुढं धरली.

“घ्या. मामूंना काय सांगायचं ते मी सांगेन.”

मौलानांनी हात पुढं केला नाही.

“ती तुला विश्वासानं दिली आहे. परत द्यायची तर ज्यानं दिली त्याच्या हातात दे. चोरीचा जनाजा बाबालालला नको.”

“मग न्यायचं कशावर?”

मौलाना उठले. दाराशी गेले. चार जुन्या सागवानी फळ्या आणि आडव्या दोन पट्ट्या, असं ते दार होतं. जागोजाग सुरीच्या धारेच्या खुणा.

“भिंती ट्रस्टच्या,” ते म्हणाले, “पत्रे ट्रस्टचे. दार तेवढं माझ्या बापाच्या दुकानाचं. एक बाजू धर.”

“उस्ताद, मामू आज कुलूप घेऊन येणार आहेत!”

“म्हणून तर म्हणतो, लवकर धर.”

बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. दार निघताना मुदस्सरच्या इस्त्रीच्या कुर्त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत तांबडा पट्टा उमटला. त्यानं तो झटकायला हात नेला आणि तसाच खाली आणला.

दार घेऊन दोघं ओढा उतरले. वस्तीत मौलानांनी मयतीला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली, कफन घातलं. जैतून कुडाला टेकून बसली होती. दारावर बाप ठेवलेला बघून ती उठली.

“मौलाना, हे साळंचं दार न्हवं? पोरी कुटं बसत्याल?”

“चिंचेखाली बसल्यात.”

“आन् कमिटी? तुमाला तरास दील की ओ.”

“कमिटीसाठीच तर चाललोय, जैतून. आपण चार जणांनी हे केलं की तेही सुटले. त्यांना कळवायचं तेवढं राहिलंय.”

जैतून रडता रडता हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

हिंगणमाळच्या कब्रस्तानाला फाटक आहे, कुलूप नाही. मेलेल्यांना कोण चोरून नेणार? दरवेशी वस्तीतली अकरा माणसं आत आली ती बिचकत, पाय चोरत. खड्डा त्यांनीच खणला. कमिटीचा खणणारा आलाच नव्हता.

“पुढं हो,” मौलाना मुदस्सरला म्हणाले. “इमाम तू आहेस.”

“उद्यापासून नसेन.”

“आज आहेस ना?”

मुदस्सर बाबालालपुढं उभा राहिला. रांग सरळ करा म्हणायला मागं वळला. त्याच्या पाठीमागं तीन रांगांची जागा मोकळी होती. ती अकरा माणसं पार लांब, फाटकाजवळ, सगळ्यांनी चपला काढल्या होत्या तिथं उभी होती.

“पुढं या की!”

कुणी हललं नाही. बाबालालचा भाऊ हात जोडून म्हणाला, “आमी हितंच असतो जी.”

असतो. तीस वर्षं. दोन महिन्यांपूर्वीच्या ईदला मुदस्सरनं स्वतः नमाज पढवली होती, आणि चपलांशेजारी कोण उभं आहे हे वळून बघितलं नव्हतं. त्याला आपली लाज वाटली.

तो मौलानांकडं वळला. मौलाना आभाळाकडं बघत होते. हे उत्तर त्याचं त्यालाच शोधायचं होतं.

मुदस्सरनं दाराचं एक टोक धरलं.

“उस्ताद, दुसरं टोक धरा.”

दोघांनी बाबालालला उचललं आणि थेट फाटकापाशी, त्या अकरा माणसांपुढं नेऊन ठेवलं. मुदस्सर मयतीपुढं उभा राहिला. मागं न वळता त्यानं हात कानापाशी नेले. ती अकरा माणसं जागची हलली नव्हती, आणि पहिल्या रांगेत होती.

नमाज झाली. बाबालालला कबरीत उतरवलं. मग सगळे एकमेकांकडं बघू लागले. मयतीवर माती थेट टाकत नाहीत, आधी फळ्या टाकतात, आणि फळ्या मशिदीच्या खोलीत, कुलपाआड होत्या.

मौलानांनी दार उपडं केलं. कुदळीच्या पाठीनं दोन्ही पट्ट्या ठोकून काढल्या. बापाच्या दुकानाच्या चार फळ्या सुट्या झाल्या. त्यांनी एकेकीवरनं हात फिरवला आणि एकेक खाली दिली. चौथी देताना त्यांचा हात जरा रेंगाळला.

चारी फळ्या बाबालालवर बसल्या, अगदी मापानं.

तेवढ्यात फाटकातनं हाजी दस्तगीर आले. उन्हात भराभर चालून आलेले, टोपी घामानं भिजलेली, उजव्या हातात भलंमोठं पितळी कुलूप.

“गनी!” ते ओरडले. “कुणाला विचारून? कुणाला विचारून ह्याला हितं आणला? आँ? शाळा बंद! आजपासनं, आत्तापासनं बंद!”

मुदस्सर पुढं झाला. त्यानं खिशातनं किल्ली काढली आणि मामूंच्या डाव्या हातात ठेवली.

“खाटेच्या खोलीची, मामू. तुमची खाट आतच आहे.”

हाजीसाहेबांनी भाच्याच्या कुर्त्यावरचा तांबडा पट्टा बघितला. मग त्या अकरा माणसांकडं बघितलं. आज त्यांतला एकही मागं सरकला नाही.

“नोकरी गेली तुझी,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि तुझ्या बहिणीची शाळापण गेली! कुलूप लावायला गेलो तर...” त्यांनी हातातलं कुलूप मौलानांपुढं नाचवलं. “दार कुठं घातलं शाळेचं?”

मौलाना कबरीच्या कडेला उभे होते. पहिली मूठ माती हातात होती. ती त्यांनी टाकली नाही, जरा थांबले. बाजूला सरून हाजीसाहेबांना वाट करून दिली.

“खाली आहे, हाजीसाहेब. कुलूप लावायचं तर उतरा.”