घड्या नसलेली बोटं

“चढशील का टेकडीवरच्या त्या कातळावर, पालीगत?” टिल्यानं विचारलं. मी येडा, “त्यात काय!” म्हणलो. जिंकलो तर पतंगाची फिरकी माझी, मांजासकट.

चढलो. मग खाली बघितलं. तिथंच घोटाळा झाला.

हातपाय जागचे हलेनात. मी बोंबललो, तशी टिल्या आणि त्याची पोरं पसार.

टेकडीवर माणूस म्हणाल तर एकच, मकबूलबाबा. खालून नवा रस्ता गेला, तेव्हापासून त्यांच्या दर्ग्याकडं कुणी वर येत नाही. म्हातारा काठी टेकत आला, कातळाखाली उभा राहिला.

“काय करतोस वर, नाम्या?”

“हवा खातोय.”

“खा.” बाबा खाली बसले.

वारा... बाकी कायच नाही. उन्हं उतरली.

माझ्या नाकापुढं एक पाल फटीतनं बाहेर आली. निवांत, डोकं खाली करून.

“बाबा, हिच्या पायाला गोंद असतो का?”

“कोरडा असतो पाय. बोटाखाली रुंद घड्या, आणि घड्यांवर केस. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. कॉलेजातली एक बाई आली होती, तिनं सांगितलं... परत नाही आली.”

“सगळ्याच पालींना असतात घड्या?”

“छे. इथं पाचोळ्यात एक राहते. तिची बोटं काटकुळी, नुसत्या नख्या.”

“मग तिनं रोज भिंतीवर चढायचं. येतील की घड्या.”

“घड्या अंड्यात येतात रे. आधी पंजा सपाट, मग बोटं सुटी होतात, मग त्यांच्या खाली घड्या. अजून भिंत बघितलेली पण नसते.”

“म्हणजे मला आता येणार नाहीत?”

“तुझं अंडं कधीच फुटलं.”

हसलो, तर हात सटकायला लागला.

“बाबा, थट्टा बास! चिकटायचं कसं ते सांगा.”

“चिकटलायस की मघापासून. ती पाय कसा उचलते, तेवढं बघ.”

पाल हलली. आधी बोटांची टोकं उलटी वर वळवली, मग पाय उचलला. जोर कायच नाही.

मी एक बोट सोडलं. मग दुसरं. तसाच सरकत खाली आलो. पाय चाचपडला... आणि उठून उभ्या राहिलेल्या बाबांच्या खांद्यावर टेकला. नुसती हाडं.

खाली उतरलो.

“एका फिरकीपायी जीव देत होतास?” बाबा म्हणाले.

मी चड्डी झटकता झटकता थांबलो.

“फिरकीचं तुम्हाला कोण बोललं?”

बाबांनी काठी उचलली. पाल फटीत गेली होती...

“टिल्याला ती मीच दिली, पैजेसाठी. म्हणलं, कुणीतरी येईल वर.”