सहाव्या दरवाजात अडकलेले लोक

प्रभुणे सरांच्या कंपनीने किल्ल्यांवरचा मोबाईल गेम काढला, आणि सहाव्या दरवाजापाशी तो बंद पडू लागला. हजारो खेळाडू तिथेच अडकले. त्यांना उत्तरं देणारी हर्षाली म्हणाली, "सर, काय बिघडलंय आणि अपडेट कधी येणार, एवढं तरी सांगू द्या."

"काही गरज नाही! 'काम चालू आहे, लवकरच' एवढंच लिही. लोकांना फार सांगितलं की डोक्यावर बसतात."

सांगणाऱ्याचं काय जातं! शिव्या खायला हर्षाली होती. दीड महिना ती तेच वाक्य लिहीत राहिली, आणि तिची तिलाच लाज वाटू लागली.

एके दुपारी सर ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकले. हर्षालीने आधी मेकॅनिकला बोलावलं, मग दाराशी जाऊन म्हणाली, "सर, काम चालू आहे. लवकरच."

"लवकरच म्हणजे कधी?" आतून दारावर बुक्क्या बसल्या. "बिघडलंय काय? मी काय इथे मुक्काम ठोकू? अगं, माणूस अडकलाय आत!"

तेवढ्यात मेकॅनिक मोमीनभाई वरून ओरडले, "साहेब, दाराचा सेन्सर गेलाय. बदलतोय. वीस मिनिटं लागतील."

"बरं," सर म्हणाले. "बसतो मग."

हर्षालीचा दीड महिन्याचा राग उसळून आला. "सर, लिफ्ट अजून इंचभरही हललेली नाही. मग बुक्क्या का थांबल्या?"

आतून सरांचा आवाज आला, "लिही. काय बिघडलंय ते लिही. आणि तारीख घाल."